कौन्सिलच्या फ्लॅटला डबल ग्लेझिंग मागता येतं का?

चौथा_मजला:
पूर्व लंडनमध्ये कौन्सिलचा (नगरपालिकेचा) फ्लॅट, सिक्युअर टेनन्सी (कायमस्वरूपी भाडेकरार). खिडक्या लोखंडी चौकटीच्या, एकेरी काचेच्या. थंडीत सकाळी काचांवरून पाणी ओघळून खालच्या कट्ट्यावर साचतं, टॉवेल पिळावा लागतो. लेकाच्या पलंगामागे काळी बुरशी आलीय. एक झडप तर लागतच नाही, फटीत वर्तमानपत्र कोंबलंय. डबल ग्लेझिंग (दुहेरी काच) मागितलं तर उत्तर आलं, ‘ही सुधारणा झाली, दुरुस्ती नव्हे. खिडक्या उघडत जा.’ जानेवारीत! आमचा काही हक्क आहे की नाही?

निवांत_नॉर्थ:
ईपीसी (घराच्या ऊर्जाबचतीचा दाखला) ‘ई’ श्रेणीच्या खाली असेल तर घर भाड्याने देताच येत नाही ना? तेच तोंडावर मारा.

जुना_भाडेकरू:
निवांत, तो नियम खासगी घरमालकांना लागू आहे, इथे उपयोगाचा नाही.

ताई, भाडेकरूंच्या सल्ला केंद्रात बरीच वर्षं हेच करतोय, म्हणून स्पष्ट सांगतो: डबल ग्लेझिंगचा थेट हक्क इंग्लंडमध्ये नाही. 1985 च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याचं कलम 11 फक्त दुरुस्तीबद्दल आहे. क्विक विरुद्ध टॅफ एली या खटल्यात अशाच लोखंडी, एकेरी काचेच्या खिडक्या होत्या, ओलीने घरातलं सामान कुजलं होतं. तरी अपील कोर्ट म्हणालं, खिडकी मोडलेली नाही, मग दुरुस्ती कसली?

पण तुमची झडप लागत नाही, म्हणजे ती मोडलीय. ती सरळसरळ कलम 11 मध्ये बसते. आणि बुरशीसाठी 2018 चा फिटनेस फॉर ह्यूमन हॅबिटेशन कायदा आहे. त्यात मोडतोड दाखवावी लागत नाही, मुळातली रचनाच सदोष असली तरी चालतं.

म्हणून अर्जात काच मागूच नका. ‘मुलाच्या खोलीत ओल, बुरशी आणि अतिथंडी आहे, तपासणी करा’ एवढंच लिहा, तारखेसह फोटो जोडा. 27 ऑक्टोबर 2025 पासून ‘अवाब्ज लॉ’ लागू आहे: ओल-बुरशीचा गंभीर धोका कळवला की 10 कामाच्या दिवसांत तपासणी, तो खरा निघाला की पुढच्या 5 कामाच्या दिवसांत घर सुरक्षित करणं. मुलाला दमा असेल तर तेही लिहा. उपाय दमट हवा बाहेर ओढणारा पंखा असेल, हीटिंग असेल, नाहीतर खिडक्याच. अख्खी खिडकी बदलायची ठरली तर बिल्डिंग रेग्युलेशन्समुळे सहसा डबल ग्लेझिंगच बसतं.

दाद लागली नाही तर रीतसर तक्रार, दोन टप्पे, मग हाउसिंग ऑम्बुड्समन (घरांच्या तक्रारींसाठीचा स्वतंत्र लोकपाल). फुकट आहे. आणि हो, भाडं थांबवू नका, उलट तुमच्यावरच नोटीस येईल.

चौथा_मजला:
दमा नाही, पण खोकला हटत नाही. डॉक्टरांकडून लिहून घेते. आतून दुसरी काच आम्हीच बसवली तर?

जुना_भाडेकरू:
सिक्युअर भाडेकरू आहात, तेव्हा लेखी परवानगी मागा. विनाकारण नाकारता येत नाही. 1994 च्या नियमांत अशी काच भरपाईच्या यादीत आहे: घर सोडताना खर्चाचा काही भाग मिळू शकतो, कमाल 3,000 पौंड, म्हणून बिलं ठेवा. पण आधी तपासणीवाला येऊन जाऊ द्या. तोवर बुरशी ब्लीचने पुसायची असेल तर फोटो काढूनच पुसा.