गडगडाटाला घाबरणारा कुत्रा : आपले अनुभव लिहावेत

आमची सहा वर्षांची चिमी वीज कडाडण्याच्या कितीतरी आधीच घाबरू लागते. आभाळ भरून आले की ती जांभया देते, ओठ चाटत राहते आणि मग या खोलीतून त्या खोलीत तिच्या येरझाऱ्या सुरू होतात. गेल्या वादळात आम्ही घरी नव्हतो, तेव्हा तिने दाराची चौकट इतकी खरवडली की पुढच्या पायाची दोन नखे तुटली. परत आलो तेव्हा चौकटीवर रक्त होते आणि ती बाथरूमच्या कोपऱ्यात, बादलीमागे, लाळेने भिजलेल्या छातीनिशी थरथरत बसली होती. आपण काय केले, कशाचा उपयोग झाला आणि कशाचा झाला नाही, हे दोन्ही लिहावे, ही विनंती.

*

बाथरूम ही तिने निवडलेली जागा आहे, ती तिच्याकडून काढून घेऊ नका. आम्ही आमच्या कुत्र्याला पलंगाखालून ओढून काढून मऊ गादीवर बसवत असू आणि तो पुन्हा पलंगाखालीच जाई. आता दार उघडेच राहील अशी सोय करतो, जुनी चादर आत टाकतो, पडदे ओढतो आणि पंखा मोठा ठेवतो.

*

‘जवळ घेतलेत तर भीती वाढेल’ असे कोणीतरी सांगितल्यामुळे आम्ही दोन वर्षे गडगडाटाच्या वेळी आमच्या कुत्रीकडे पाहतसुद्धा नव्हतो. पुढे पशुवैद्यांनी समजावले की भीती ही भावना आहे. धीर दिल्याने ती बक्षीस मिळाल्यासारखी बळावत नाही. ती दोन वर्षे आजही मनाला लागून आहेत.

*

माझा अनुभव थोडा लांबीचा आहे. गडगडाटाचे ध्वनिमुद्रण मी कोरड्या दिवसांत, जेमतेम ऐकू येईल इतक्या बारीक आवाजात, मोतीच्या जेवणाच्या वेळी लावत असे आणि काही दिवसांनी आवाज किंचित वाढवत असे. एकदा घाई करून मी आवाज बराच वाढवला, तर तो ताट तसेच टाकून निघून गेला आणि आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. या सरावाला मर्यादाही आहेत. फोनच्या स्पीकरमधून खर्जातला घुमणारा आवाज येत नाही आणि लखलखाट, वारा, हवेच्या दाबातला बदल यांपैकी काहीच त्यात नसते, त्यामुळे खऱ्या वादळात निम्मीच कमाई हाती लागली.

अधिक उपयोग झाला तो दुसऱ्या गोष्टीचा. खरा गडगडाट झाला की लगेच चिकनचा एक तुकडा द्यायचा. क्रम मात्र उलटा होऊ देऊ नये, नाहीतर खाऊ हीच गडगडाटाची वर्दी ठरते. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत मी सेकंद मोजतो. 3 सेकंद म्हणजे साधारण 1 किलोमीटर. अंतर 20 सेकंदांहून अधिक असेपर्यंत मोती खातो, त्याहून कमी झाले की तोंड फिरवतो. तेव्हा मी डबा बंद करून नुसता शेजारी बसतो.

*

अंगाला घट्ट बसणारे कापडी जाकीट आम्ही वापरून पाहिले. ते घालताच कुत्रा जागच्या जागी थिजला आणि ‘बघा, शांत झाला’ म्हणून आम्ही खूश झालो. कान मागे चिकटलेले आणि बुबुळे विस्फारलेली होती, हे नंतर व्हिडिओ पाहताना लक्षात आले. काहींना त्याचा फायदा होतो, पण कोरड्या दिवशी घालून सवय करून घ्यावी.

*

औषधाला कमीपणा मानू नये. आमच्या कुत्रीला आधी नुसते असेप्रोमेझिन हे गुंगीचे औषध मिळत होते. ती आडवी पडे, पण डोळे टक्क उघडे असत. दुसऱ्या पशुवैद्यांनी सांगितले की त्याने अंग सैलावते, भीती तशीच राहते. त्यांनी औषध बदलले, त्याची चाचणी शांत दिवशी करायला लावली आणि वादळाच्या पुरेसे आधी द्यायला सांगितले. आवाजाच्या भीतीवरचे, गाल आणि हिरडी यांच्यामध्ये लावायचे एक जेलही आहे, ज्याला अमेरिकेत मान्यता मिळालेली आहे. माणसांच्या गोळ्या मात्र मनाने देऊ नका.

*

कुत्रा उतारवयात अचानक घाबरू लागला असेल, तर सांधे तपासून घ्यावेत. आमचा नऊ वर्षे कधीही न घाबरलेला कुत्रा एकाएकी बिचकू लागला आणि क्ष-किरण तपासणीत खुब्याचा संधिवात निघाला. दचकल्यावर स्नायू आवळले की कळ येते आणि त्या कळेची सांगड आवाजाशी बसते. दुखण्यावर उपचार झाल्यावर भीती बरीच ओसरली.

*

सर्वांचे आभार. चिमीची नखे भरून येत आहेत. पशुवैद्यांची वेळ घेतली आहे आणि सांध्यांचाही विषय काढणार आहे. काल रात्री दूरवर गडगडले, तेव्हा बादली बाजूला सरकवून मी कोपऱ्यात चादर अंथरली आणि दारात बसून राहिले. ती थरथरत होती, पण तिसऱ्या गडगडाटानंतर तिने माझ्या हातातला तुकडा घेतला. चौथ्यानंतरचा घेतला नाही.