तारा एकदाच्या जमिनीखाली घाला की!

पावसाळी: दर वादळानंतर तेच. झाड तारांवर पडतं, खांब वाकतात, चार दिवस अंधार आणि मग तेच खांब त्याच जागी पुन्हा उभे! जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकात तारांवर इतका बर्फ थिजला की शेकडो पोलादी मनोरे आडवे झाले. एक पडताना शेजारच्याला ओढून नेत होता. २०१७ च्या मारिया वादळानंतर पोर्टो रिको या कॅरिबियन बेटावरच्या शेवटच्या घरांत दिवा लागायला जवळजवळ ११ महिने गेले. केबल जमिनीखाली घाला आणि मोकळे व्हा. खर्च जास्त येतो हे मला ठाऊक आहे, ते सांगायला कोणी येऊ नका.

जुना_लाईनमन: खर्चाचं नाही बोलत. वरची तार तुटली तर ती दिसते. शिडी, दोर, दोन माणसं, की कामाला सुरुवात. केबलचा फॉल्ट आधी शोधावा लागतो. तिच्यात जास्त दाबाचे झटके सोडायचे आणि जमिनीखालून 'धप्' कुठे येतंय ते ऐकत फिरायचं. मग खणायचं, मग जॉइंट मारायचा. त्यात ओल राहिली तर काही महिन्यांनी पुन्हा तोच खड्डा.
आणि तुमच्याच १९९८ मध्ये, क्वेबेकनंतर महिन्याभराने, न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या मध्यभागाला वीज देणाऱ्या चार मुख्य केबल एकामागून एक गेल्या. वादळ नव्हतं, तिकडे तेव्हा उन्हाळा होता. भोवतालची माती सुकली की केबलची उष्णता बाहेर पडत नाही. पाच आठवडे धंदे बसले.

पावसाळी: त्या गॅस नि तेल भरलेल्या जुन्या केबल होत्या. आता एक्सएलपीई, म्हणजे घट्ट प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या केबल असतात. जुन्या गाडीच्या अपघातावरून नवी गाडी घेऊ नका म्हणण्यातला प्रकार आहे हा.

खारी_हवा: बरं, पाण्याचं काय? न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण भागातलं विजेचं जाळं जमिनीखालीच आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं, समुद्र सबस्टेशनमध्ये घुसला आणि तो सगळा भाग काळोखात गेला. वाऱ्याने एक तारही न तोडता! किनाऱ्यावर आधी सबस्टेशनचा जोता उंच करा.

शून्य_युनिट: तुम्ही सगळे तारांतच अडकलात. फेब्रुवारी २०२१, टेक्सास. थंडीने गॅसच्या विहिरी आणि वीजकेंद्रांची उपकरणं गोठली, वीज कमी पडली म्हणून भारनियमन केलं, तर त्यात काही गॅस यंत्रणांचीच वीज तोडली गेली. म्हणजे वीजकेंद्रांचा गॅस आणखी आटला. आपल्याच पायावर धोंडा म्हणतात तो हाच. केबल पाताळात घातली असती तरी तिच्यातून वाहणार काय होतं?

पावसाळी: मुद्दा बरोबर, पण धागा तारांचा आहे.

जुना_लाईनमन: मग तारांचंच सांगतो. झाडं वेळेवर छाटा (छाटायला गेलो की ओरडणारेही आपणच). रिक्लोजर लावा, फांदी नुसती घासून गेली तर काही सेकंदांत फीडर (त्या भागाला वीज देणारी लाईन) आपोआप चालू होतो. ठरावीक अंतरावर एक दणकट मनोरा ठेवा, म्हणजे पडझड तिथेच थांबते. आणि रिंग करा, एक बाजू गेली तर दुसरीकडून सप्लाय.

पावसाळी: रिंगची दुसरी बाजूही त्याच झाडांखालून गेली असेल तर?

जुना_लाईनमन: तर ती रिंग नव्हे, फेरफटका. दुसरी बाजू केबलची करा.

पावसाळी: म्हणजे शेवटी केबलच ना!

जुना_लाईनमन: एक बाजू म्हणालो.