प्रोफेशनल खेळाडू म्हणजे मराठीत नेमकं काय? (व्यावसायिक, धंदेवाईक, पेशेवर सोडून सुचवा)

माइलहाय_मिसळ

मंडळी एक शब्द हवाय. गोष्ट जरा लांबडी आहे पण त्याशिवाय शब्द कळणार नाही. मी डेन्व्हरला असतो आणि इथे राहून राहून इथल्या ब्रॉन्कोज टीमचा नाद लागलाय, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, ते हेल्मेटवालं, ज्यात पायाचं काम फार थोडं. बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत, रविवारी माझ्याबरोबर मॅच बघत बसतात. आमच्या टीमचा एक कॉर्नरबॅक आहे, पॅट्रिक सरटॅन, धाकटा. थोरला पॅट्रिक सरटॅन म्हणजे याचे वडील, तेही कॉर्नरबॅकच, मायामी आणि कॅन्सस सिटीकडून खेळलेले. हा पोरगा २०२४ च्या सीझनचा अख्ख्या लीगमधला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह प्लेअर ठरला. इथले फॅन त्याच्याबद्दल बोलायला लागले की दोन शब्द हमखास येणार, एक प्रोफेशनल आणि दुसरा फिट. तब्येतीने फिट नव्हे, टीममध्ये फिट.

तर बाबांनी विचारलं, याचं एवढं कौतुक कशाचं? मी म्हटलं फार प्रोफेशनल आहे. बाबा म्हणाले, "म्हणजे पैसे घेऊन खेळतो? मग बाकीचे काय वर्गणी काढून खेळतायत का?"

मी गप्प. आता सांगा.

कांदेनवमी

व्यावसायिक. झालं की. पुढचा धागा.

माइलहाय_मिसळ

ते पहिलं मनात आलं हो, पण व्यावसायिक म्हटलं की मला एकोणीस किलोचं सिलिंडर दिसतं. नाहीतर "व्यावसायिक गाळे भाड्याने देणे आहे". व्यावसायिक खेळाडू म्हणजे ज्याचा खेळ हा व्यवसाय आहे तो, इथपर्यंत बरोबर, पण त्यात कौतुक कुठाय? एनएफएलमधला, म्हणजे या फुटबॉलच्या लीगमधला, सगळ्यात आळशी माणूसही व्यावसायिक खेळाडूच की.

जुनी_रद्दी

पूर्वी पेपरात धंदेवाईक लिहायचे सर्रास. हौशी आणि धंदेवाईक अशी जोडी होती, नाटकाला पण आणि खेळाला पण, आणि त्यात शिवी नव्हती, नुसतं वर्णन होतं. मग धंदा या शब्दालाच हळूहळू वास यायला लागला. नाटकवाले धंदेवाईकचे व्यावसायिक झाले आणि धंदेवाईक उरला तो डॉक्टरांना आणि क्लासवाल्यांना नावं ठेवायला. आज कुणा खेळाडूला धंदेवाईक म्हणून बघा, लोक म्हणतील पैशासाठी टीम सोडून गेला वाटतं.

पेठेतला_पाहुणा

पेशेवर का नको? पेशा आहे की आपल्यात, शिक्षकी पेशा, वकिली पेशा. त्यातूनच तर पेशवे आले ना!

जुनी_रद्दी

नाही हो. पेशवा हा फारसी "पेश" म्हणजे पुढे, यातला. पुढे असणारा, पुढारी. पेशा हा वेगळा शब्द, कसब, उद्योग या अर्थाचा. दिसायला भाऊ वाटतात फक्त. पेशा आपला आहे पण पेशेवर हिंदी बातम्यांतून आलाय, आणि तिथेही त्याची अडचण तीच, एकदा "पेशेवर गुन्हेगार" कानावर पडलं की संपलं.

डाव्या_कोपऱ्यातून

शब्दाचं नंतर बघू, आधी मला सांगा कॉर्नरबॅक करतो काय. मी कबड्डीवाला माणूस. आमच्यात कॉर्नर म्हणजे साखळीच्या टोकाचा गडी, पेपरवाले कोपरारक्षक लिहितात पण मैदानावर सगळे लेफ्ट कॉर्नर राईट कॉर्नरच म्हणतात, आणि त्याच्या आतल्या बाजूला कव्हर.

माइलहाय_मिसळ

अरे वा, बाबा पण तालुक्याला लेफ्ट कॉर्नर खेळायचे, त्यामुळे नाव ऐकल्यावर त्यांना आधी वाटलं हा पण घोटा धरणार. तसं नाही. इथे समोरच्या टीमचे पळणारे असतात, रिसीव्हर, ते मैदानाच्या दोन्ही कडांना उभे राहतात आणि बॉल सुटला की सुसाट निघतात, त्यांच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे बॉल फेकणाऱ्याने, लांबून फेकलेला बॉल झेलायला. कॉर्नरबॅकने त्याच्या अंगाला चिकटून पळायचं, बरं तो कुठे वळणार हे त्याला माहीत, याला नाही, आणि याने बऱ्याचदा उलट्या पावलांनी सुरुवात करायची. पहिल्या पाच यार्डात धक्काबुक्की चालते, त्यापुढे अडवलं की पेनल्टी. म्हणजे जगातल्या सगळ्यात वेगवान माणसांपैकी एकाची सावली व्हायचं, हात न लावता.

आणि गंमत अशी की हे काम उत्तम झालं तर दिसतच नाही. क्वार्टरबॅक बघतो, सरटॅनने माणूस झाकलाय, तो शक्यतो दुसरीकडे फेकतो. टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे जातो. २०२४ ला आमच्या दुसऱ्या बाजूच्या राईली मॉसवर बॉलचा नुसता भडिमार व्हायचा, कारण सरटॅनच्या बाजूला जायची कुणाला हौस नव्हती. बाबांचा प्रश्न त्यातलाच होता खरं तर, दिसत नाही त्याचं कौतुक कशाला.

अळूचं_फदफदं

कबड्डीत पण चांगल्या कॉर्नरच्या बाजूला रेडर जातच नाही, पलीकडेच घोळत बसतो. तेवढं सारखं आहे. बाकी कधीच दिसत नाही का हा मनुष्य?

माइलहाय_मिसळ

दिसतो ना, ६ ऑक्टोबर २०२४. समोर रेडर्स नावाची टीम (कबड्डीतले रेडर नव्हेत), आमच्या टचडाउनच्या दारात, म्हणजे आमच्या शेवटच्या रेषेशी उभे, फेकला बॉल, याने मध्येच पकडला आणि १०० यार्ड पळत जाऊन पलीकडे टचडाउन. बाबा तेव्हा नव्हते, नाहीतर हा धागाच निघाला नसता.

पण इथले जुने फॅन ज्याला प्रोफेशनल म्हणतात ते हे नव्हे. २०२१ ला ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, नवव्या नंबरला याला घेतला तेव्हा निम्मं गाव चिडलेलं, टीमला क्वार्टरबॅक हवा होता, जस्टिन फील्ड्स शिल्लक होता आणि यांनी कॉर्नर उचलला. तिथून पुढे बघा, पहिल्या तीन वर्षांत तीन हेड कोच, फँजिओ, हॅकेट, पेटन. डिफेन्सचे कोऑर्डिनेटर पण तीन, दरवर्षी नवा, म्हणजे दरवर्षी नवी पाटी. २०२३ ला मायामीकडून ७० गुण खाल्ले एका मॅचमध्ये, सत्तर! अशा घरात राहून या माणसाने काम तसंच चालू ठेवलं. २०२४ चा सीझन सुरू होता होता चार वर्षांचा ९६ मिलियन डॉलरचा करार झाला, त्याआधी कॅम्पमध्ये रोज येऊन सराव करत होता, रुसवेफुगवे नाहीत. आता याला काय म्हणू?

कांदेनवमी

गुणी बाळ म्हणा 😄

घाटमाथा

इमानेइतबारे खेळणारा. कामाशी काम ठेवणारा. मुरलेला. कसबी. कितीतरी आहेत. प्रत्येक इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द चिकटवायचा हा हट्ट सोडला तर निम्मे धागे बंद होतील इथले.

जुनी_रद्दी

घाटमाथा, पटतंय पण यातला एकेक तपासून बघा. मुरलेला म्हटलं की वय आलं, हा तर विशीतला. कसबीत कौशल्य आहे, वागणूक नाही. इमानेइतबारेत नोकर-मालक वास आहे, जन्मभर एका दारात राहिलेला जुना गडी. मला वाटतं आपण एक साधा शब्द विसरतोय.

चोख.

चोख सोनं, चोख चांदी, म्हणजे भेसळ नसलेलं. संस्कृतातला चोक्ष, स्वच्छ, शुद्ध. संतवाङ्मयात चोखट आहे. चोखंदळ त्याच घरातला. मग चोख हिशेब, चोख उत्तर, काम चोख आहे हो त्याचं. सुतार, शिंपी, गवंडी, कुणालाही ही पावती देतो आपण आणि ती मोठी पावती असते. गवंड्याला कुणी "तुमचं काम व्यावसायिक आहे" म्हणत नाही.

पेठेतला_पाहुणा

चोख म्हटल्यावर मला आंबाच आठवला.

जुनी_रद्दी

तो चोखायचा, त्याचं कूळ वेगळं.

डाव्या_कोपऱ्यातून

अहो थांबा थांबा. चोख नंतर मराठीत सगळ्यात जास्त येणारा शब्द कुठला? बंदोबस्त!! गणपती आला की पेपरात रोज, "पोलिसांनी चोख बंदोबस्त ठेवला होता." आणि मिसळराव, तुमच्या त्या कॉर्नरला तिकडे काय म्हणतात, शटडाउन की लॉकडाउन असं कायतरी ना?

माइलहाय_मिसळ

दोन्ही. शटडाउन कॉर्नर, लॉकडाउन कॉर्नर. आणि २०२० नंतर लॉकडाउन शब्द मराठीत वापरायची सोय नाही, लगेच डाळ-तांदूळ आणि मास्क डोळ्यापुढे येतात. पण बंदोबस्त!! काय काढलात. फारसीतला बंद आणि बस्त, बांधणं आणि बांधलेलं. शिवाय आपण म्हणतो ना, "त्याचा काहीतरी बंदोबस्त करा." समोरच्या टीमचा सगळ्यात डेंजर रिसीव्हर कोण ते बघायचं आणि सरटॅनला सांगायचं, याचा बंदोबस्त कर. हेच तर करतात. तो त्या माणसामागे मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो.

आणि चांगल्या बंदोबस्ताची पण बातमी होत नाहीच. मिरवणूक शांततेत पार पडली, एक ओळ, संपलं.

घाटमाथा

मान्य, हे जमलंय. पण एक शंका. चोख कामाला लागतो, माणसाला लागतो का? तुमचे फॅन माणसाचं कौतुक करतायत ना.

अळूचं_फदफदं

लागतो की. "व्यवहाराला चोख आहे." आमच्या आजीची ही शेवटची पायरी होती, याच्यापुढे स्तुती नव्हती तिच्याकडे.

फिलीचा_भाचा

उशिरा आलो. व्यवहाराला चोख वाचलं आणि डॅरेल रीव्हिस आठवला, त्यावरून आमच्या ग्रुपमध्ये जुनी भांडणं आहेत. जेट्सचा कॉर्नरबॅक, २००९ मध्ये तो एवढा भारी खेळला की त्याच्या बाजूला बेट म्हणायला लागले, रीव्हिसचं बेट, तिथे अडकलेला रिसीव्हर परत येत नाही. तर हा २०१० ला करारासाठी सराव कॅम्पला आलाच नाही, अडून बसला. मग २०१३ टँपा, २०१४ एक वर्ष पेट्रियट्स, तिथे सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला, २०१५ ला परत जेट्स. अर्धे लोक म्हणणार धंदेवाईक, भाडोत्री. माझं म्हणणं, यात धंदेवाईक काय, एनएफएलमधले बरेचसे करार टीमला मध्येच मोडता येतात, गुडघा गेला की कोण विचारतो, मग खेळाडूने आपली किंमत आधी वाजवून घेतली तर बिघडलं कुठे. मैदानावर उतरला की शंभर टक्के द्यायचा. २०२३ ला हॉल ऑफ फेममध्ये गेलाय. तर व्यवहाराला चोख आणि कामालाही चोख, दोन्ही. धंदेवाईक मी त्याला म्हणेन जो पैसे घेऊन काम चोख करत नाही.

जुनी_रद्दी

वा. धंदेवाईक आणि चोख यातली रेघ तुम्ही माझ्यापेक्षा चांगली मारलीत.

माइलहाय_मिसळ

मला रीव्हिसचं अडून बसणं अजून पटत नाही पण तो वेगळा धागा. आता दुसरा शब्द, फिट. आपल्याकडे फिट म्हणजे तब्येत, फिट म्हणजे आकडी, फिट म्हणजे दिवाळीनंतरची पँट. टीममध्ये फिट याला काय?

कांदेनवमी

चपखल.

घाटमाथा

चपखल ठीक, पण चपखल शब्द बसतो, उपमा बसते. माणूस रुळतो. "नव्या ऑफिसात रुळला का?"

फिलीचा_भाचा

रुळणं वेळेचं काम आहे, चार महिन्यांत कुणीही रुळतो. आमच्या फिलाडेल्फियाच्या ईगल्सचं ऐका. नामडी असोमवा, रेडर्सचा कॉर्नरबॅक, २००६ ला आठ इंटरसेप्शन घेतल्या, म्हणजे समोरच्यांचा बॉल मध्येच पकडला, आणि पुढे त्याच्याकडे बॉल जवळजवळ यायचाच बंद झाला. तिथे त्याचं काम ठरलेलं, बहुतेक उजवी बाजू, समोरचा माणूस, चिकटून. २०११ ला आम्ही त्याला पाच वर्षं ६० मिलियनला आणला, काय जल्लोष, आमच्याच एका खेळाडूने ड्रीम टीम म्हणून टाकलं. आणि मग त्याला कधी इथे उभा कर कधी तिथे, माणूस सोडून जागा राखायला लाव. ८-८ ने सीझन संपला, पुढचा ४-१२, आणि दोन वर्षांत करार मोडला. रुळायला वेळ मिळाला नाही असं म्हणून भागत नाही, दोन वर्षं होती. खेळाडू वाईट नव्हता, टीमलाही सगळा दोष देता येत नाही. याला काय म्हणायचं सांगा.

अळूचं_फदफदं

पाणी मानवलं नाही म्हणायचं 🙂

थट्टा नाही करत. मानवणं हाच शब्द आहे. डाळ मानवते, हवा मानवते, एखाद्याला कोकण मानवत नाही. डाळही चांगली असते, माणूसही धडधाकट असतो, पण एकत्र आले की पोट बिघडतं. असोमवाला फिलाडेल्फिया मानवलं नाही.

फिलीचा_भाचा

चौदा वर्षं हा शब्द शोधत होतो मी बहुतेक.

माइलहाय_मिसळ

आणि सरटॅनला डेन्व्हर मानवलंय, त्यापेक्षा डेन्व्हरला सरटॅन मानवलाय. आमचा कोऑर्डिनेटर वान्स जोसेफ याला मागून जादा माणसं क्वार्टरबॅकवर सोडायची भारी हौस. ती हौस तेव्हाच परवडते जेव्हा मागे एका कडेला कुणी एकट्याने सांभाळणारा असतो, मदत न मागता. २०२४ ला आमचे ६३ सॅक झाले, म्हणजे बॉल फेकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडलं, लीगमध्ये सगळ्यात जास्त. सॅक घेणाऱ्याचं नाव टीव्हीवर येतं, पण क्वार्टरबॅक बॉल हातात धरून बसला तो का, तर ज्याला द्यायचा तो झाकलेला.

डाव्या_कोपऱ्यातून

मग बाबांना काय सांगितलंत ते तरी कळू द्या.

माइलहाय_मिसळ

सांगितलं आत्ताच जेवताना. म्हटलं बाबा, तो चोख बंदोबस्त आहे, त्याच्या बाजूला कुणी फिरकत नाही. बाबांनी भात कालवता कालवता विचार केला आणि म्हणाले, "मग आम्ही लेफ्ट कॉर्नरला होतो तेव्हा आमच्याकडेही कोणी यायचं नाही, तर आमचे कॅप्टन म्हणायचे तू नुसता उभा असतोस."