सक्तीची सैन्यसेवा आणि दारूगोळ्याचे कारखाने: गावातला कौल नेमका कसा घ्यावा?

अभ्यासिका_देवळी

नमस्कार मंडळी. देवळी तालुक्यातल्या चार गावांत अभ्यासिकेतर्फे जनमत घ्यायचं ठरलं आहे. विषय दोन. सरकारने तरुणांना सक्तीने सैन्यात न्यावं का, आणि दारूगोळ्याचा डेपो किंवा कारखाना गावाजवळ असावा का. पुलगावचा डेपो जवळच असल्यानं दुसरा प्रश्न इथं पुस्तकी नाही. चारही गावं मिळून साधारण 3,200 मतदार आहेत, फॉर्म भरून घ्यायला कॉलेजची बारा पोरं-पोरी तयार आहेत. पहिल्या मसुद्यातला प्रश्न असा: "देशासाठी प्रत्येक तरुणाने सैन्यात गेलं पाहिजे असं तुम्हाला वाटतं का? हो / नाही."

इतर देशांत लोक याकडे कसं पाहतात आणि का, ते भिंतीवर तक्त्यात लावायचं आहे. प्रश्न बरोबर आहे का, किती लोकांना विचारावं, काय चुकू शकतं, तेही सांगा. फॉर्म अजून छापायला दिलेले नाहीत.

नकाशा_वाशिम

छापायला देऊ नका. या प्रश्नाला शंभरातले नव्वद "हो" म्हणतील आणि त्यातून काहीच कळणार नाही.

गॅलप इंटरनॅशनल या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं 2014 मध्ये 64 देशांत विचारलं होतं, देश युद्धात ओढला गेला तर लढायला तयार आहात का? जपानमध्ये 11 टक्के हो म्हणाले, जर्मनीत 18, फिनलंडमध्ये 74, भारतात 75. आता पाहा, फिनलंड आणि भारत आकड्यात शेजारी. पण फिनलंडमध्ये पुरुषांना 165, 255 किंवा 347 दिवसांची सेवा सक्तीची आहे, आपल्याकडे स्वतंत्र भारतात सक्ती कधीच झाली नाही, 1962 च्या युद्धानंतरही नाही. तिथला 'हो' म्हणणारा गडी स्वतः बराकीत राहून आलेला असतो. आपला 'हो' भावनेतून येतो, त्याची किंमत अजून कुणी मागितलेली नाही. भावना खोटी आहे असं मी म्हणत नाही. दोन्ही आकडे एका रांगेत लावले की वाचणारा फसतो, एवढंच.

तक्त्यासाठी ऑस्ट्रिया नक्की घ्या. तिथं 20 जानेवारी 2013 ला सार्वमत झालं आणि 59.7 टक्के लोकांनी सक्ती ठेवा म्हणून सांगितलं. कारण केवळ रणगाड्यांचं प्रेम नव्हतं. सैन्यात सहा महिने जायचं नसेल तर नऊ महिने नागरी सेवा करता येते, आणि रुग्णवाहिका, वृद्धाश्रम त्याच पोरांवर चालतात. सक्ती उठली तर म्हाताऱ्या आईला दवाखान्यात कोण नेईल, हा विचार करून बऱ्याच लोकांनी मत दिलं. त्याच वर्षी 22 सप्टेंबरला स्वित्झर्लंडमध्ये सक्ती रद्द करायचा प्रस्ताव 73 टक्क्यांनी पडला. तिथं सेवा न करणाऱ्या पुरुषाला उत्पन्नाच्या 3 टक्के कर भरावा लागतो, म्हणजे सुटणाऱ्यालाही काहीतरी मोजावं लागतं.

उलटं उदाहरण दक्षिण कोरियाचं. शेजारी शत्रू असल्यानं सेवा हवीच हे बहुतेकांना पटतं, भूदलात 18 महिने जावं लागतं. पण राग धुमसतो तो सुटणाऱ्यांवर. ली होई-चांग यांनी 1997 आणि 2002 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली, आणि त्यांच्या दोन मुलांना वजन कमी म्हणून सूट मिळाल्याचा वाद दोन्ही वेळा त्यांच्या मागे लागला. सद्सद्विवेकानं शस्त्र नाकारणाऱ्यांना तिथं 2020 पासून पर्यायी सेवा मिळते, तीही तुरुंगात कामाला आणि 36 महिने, म्हणजे दुप्पट.

स्वीडननं 2010 मध्ये सक्ती थांबवली आणि 2018 पासून परत आणली, या वेळी मुलींसकट. नॉर्वेत मुली 2015 पासून आहेत, पण दोन्हीकडे वयात आलेल्यांतले थोडेच निवडून घेतात. ज्याची इच्छा आणि तब्येत दोन्ही चांगली, त्याचाच नंबर आधी लागतो. म्हणून तिथं विरोध सौम्य राहतो. जर्मनीनं 2011 मध्ये सक्ती स्थगित केली. 2026 पासून अठरा वर्षांच्या मुलांना प्रश्नावली भरणं बंधनकारक केलं आहे, सैन्यात जाणं मात्र ऐच्छिक.

म्हणजे तुमच्या फॉर्ममध्ये किती महिने, कोणाला सूट, पर्यायी काम आहे का, मुलींना नेणार का, या चार गोष्टी आल्याच पाहिजेत. त्यांच्याशिवाय मिळालेला "हो" हवेत राहतो.

संख्याशास्त्र_अमरावती

वरच्याशी सहमत. आता कामाचं.

दोन फॉर्म करा, दोन रंगांच्या कागदावर. पांढऱ्यावर तुमचा मूळ प्रश्न. पिवळ्यावर: "तुमच्या घरातल्या 18 वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला सरकारने एक वर्ष सक्तीने सैन्यसेवेत नेलं, त्या काळात महिन्याला ठरावीक भत्ता दिला, तर तुम्हाला चालेल का?" बाकी सगळे प्रश्न दोन्हीकडे सारखे. एक पांढरा, एक पिवळा असे आलटून पालटून वाटा. दोन रंगांत जो फरक निघेल तोच तुमचा खरा निष्कर्ष. "माहीत नाही" ही चौकट ठेवाच. ती नसली की लोक भिडेपोटी हो म्हणतात.

माणसं मतदार यादीतून निवडा. 3,200 मधून 400 हवेत तर दर आठवं नाव. 1 ते 8 मधली एक चिठ्ठी उचला, 5 निघाला तर 5, 13, 21, 29 असं पुढे. 400 फॉर्मवर साधारण 5 टक्के इकडे-तिकडे होतं, 200 वर 7 टक्के. पण दोन रंगांची तुलना करताना प्रत्येकी 200 च राहतात आणि फरकावरची चूक 10 टक्क्यांपर्यंत जाते. पांढऱ्यावर 62 आणि पिवळ्यावर 56 आलं तर "गावाचं मत बदललं" असं बोर्डावर लिहू नका. 85 आणि 50 आलं तर बिनधास्त लिहा.

इथं हमखास चुकतं ते असं. यादीतला माणूस पुण्याला कंपनीत आहे, म्हणून पोरं शेजारच्याला विचारून मोकळी होतात. असं करू नका, "सापडला नाही" लिहा. शेजारी धरला की घरी बसणारी म्हातारी माणसं वाढतात आणि ज्यांच्याबद्दल प्रश्न आहे ती तरणी पोरं गळतात. 16-17 वर्षांचे यादीत नसतात, त्यांचा वेगळा गठ्ठा करा आणि 400 मध्ये मिसळू नका.

सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापूस वेचणीत दिवसा घरी कोणी भेटत नाही. बाया सगळ्या वावरात. संध्याकाळी सातनंतर जा, स्वयंपाकाची घाई आटोपल्यावर. बायांना पोरींनीच विचारावं आणि एकटीला विचारावं. दारात सासरा उभा असला की सुनेचं उत्तर तोच देतो. त्यासाठी कागद स्वतः घडी करून डब्यात टाकायची सोय करा, नाव लिहू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चौकटीशेजारी चित्र काढा.

अभ्यासिका_देवळी

फार उपयोगी. पोरं म्हणतात चौकात टेबल लावून एका दिवसात 400 होतील. आणि अग्निवीरबद्दलही विचारावं का? काही लोक त्यालाच सक्ती समजतात.

संख्याशास्त्र_अमरावती

चौकात पुरुष भेटतात, त्यातही पानठेल्यावर बसणारे. सकाळी ग्राउंडवर धावणारे, भरतीची तयारी करणारे पोट्टे भेटतील, ते सगळे हो म्हणतील. एका दिवसात 400 होतील, पण ते गावाचं मत नसेल.

वर्धा_नदीकाठ

अग्निवीरचा प्रश्न वेगळा ठेवा आणि शेवटी ठेवा. आधी विचारला तर पुढची सगळी उत्तरं त्याच रागात किंवा त्याच आशेत येतात. अग्निवीर सक्ती नाही, 2022 पासूनची चार वर्षांची ऐच्छिक भरती आहे. लोकांना आकडे सांगूनच विचारा. पहिल्या वर्षी महिन्याला 30,000, त्यातले 21,000 हातात आणि 9,000 सेवा निधीत, तेवढेच सरकार टाकतं. पगार चौथ्या वर्षी 40,000 होतो. चार वर्षांत स्वतःचे 5.02 लाख आणि सरकारचे 5.02 लाख, मिळून 10.04 लाख अधिक व्याज. तुकडीतले जास्तीत जास्त 25 टक्के पुढे कायम होतात. "चार वर्षांनी 100 पैकी निदान 75 परत येणार हे माहीत असताना मुलाला पाठवाल का?" असा प्रश्न विचारलात तर उत्तरात अर्थ येईल.

कायद्याचंही एक वाक्य तक्त्यात टाका. घटनेच्या कलम 23(2) नुसार सरकार सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावू शकतं, फक्त धर्म, वंश, जात, वर्ग यावरून भेद करता येत नाही. दार उघडं आहे, सैन्याच्या सक्तीसाठी आजवर कुणी त्यातून गेलेलं नाही. कोरडवाहू वावर असलेल्या घरातला एकुलता पोरगा वर्षभर नेला तर सालदार (वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी) ठेवायला पैसा कुठून येईल, हे कलम वाचून कळत नाही. ते फॉर्ममधूनच कळेल, म्हणून घरात कमावते हात किती हा रकाना ठेवा.

भद्रावतीवाला

कारखान्याच्या भागाकडे कोणी वळलं नाही, म्हणून लिहितो.

विदर्भात हा उद्योग आपल्या दारातच आहे. भद्रावती, भंडाऱ्याचं जवाहरनगर, नागपूरचं अंबाझरी या आयुध निर्माण्या (सैन्यासाठी शस्त्रं-दारूगोळा बनवणारे सरकारी कारखाने), पुलगावचा डेपो, बाजारगावकडचे खासगी स्फोटकांचे कारखाने. 1 ऑक्टोबर 2021 ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. भद्रावती आणि भंडारा म्युनिशन्स इंडियात गेले, अंबाझरी यंत्र इंडियात. कामगार संघटनांनी या बदलाला कडाडून विरोध केला होता. तेव्हा "कारखाना हवा का" असं मोघम विचारू नका. कायम नोकरी मिळणार असेल तर हवा का, आणि ठेकेदाराकडची नोकरी मिळणार असेल तर हवा का, असे दोन प्रश्न करा. मतं इथंच फुटतात.

धोक्याचा प्रश्न टाळू नका. पुलगावला 31 मे 2016 ला आग लागली, जवानांचे आणि अग्निशमन दलाच्या लोकांचे जीव गेले, आसपासची गावं रात्रीतून रिकामी करावी लागली. जवाहरनगरला 24 जानेवारी 2025 च्या स्फोटात आठ जण गेले. पण अपघाताचा प्रश्न आधी आणि नोकरीचा नंतर घेतला तर नोकरीला कमी मत पडेल, उलट केलं तर जास्त. म्हणून दोन्ही रंगांच्या गठ्ठ्यात अर्ध्या फॉर्मवर क्रम उलटा छापा. प्रत्येक रंगाचे दोन प्रकार, एकूण चार. कोपऱ्यात क, ख, ग, घ लिहा, नाहीतर मोजताना गोंधळ होतो.

बाहेरच्या देशातलं आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण इटलीच्या सार्डिनिया बेटावरचं. दोमुसनोवास गावाजवळ बॉम्बचा कारखाना आहे, मालकी ऱ्हाइनमेटाल या जर्मन शस्त्रकंपनीची. तो पट्टा खाणींचा, खाणी बंद पडत गेल्या, दुसरं काम नाही. तिथले बॉम्ब येमेनच्या युद्धात वापरले जात होते म्हणून शांततावादी उभे राहिले, आणि जानेवारी 2021 मध्ये सरकारनं सौदी अरेबिया आणि अमिरातीचे परवाने रद्द केले. कामगार म्हणाले, आमच्या पोटाचं काय? दोन्ही बाजूंना गावातलीच माणसं. आपल्याकडचा कोळशाचा पट्टा पाहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. स्वित्झर्लंडमध्ये शस्त्रनिर्यात बंदीचा प्रस्ताव 2009 मध्ये 68 टक्क्यांनी पडला, तिथंही रोजगाराचा मुद्दा जोरात होता.

भारताची संरक्षण निर्यात 2024-25 मध्ये 23,622 कोटी रुपयांवर गेली आहे. त्यामुळे एक प्रश्न नवा घाला: इथं बनलेला माल आपल्या सैन्याला जावा की परदेशालाही विकावा? हा आपल्याकडे फारसा विचारलाच जात नाही, म्हणून त्याला "माहीत नाही" जास्त येईल. ते उत्तरही मोजा.

आणि फॉर्म भरताना डेपोची आतली माहिती, गेट, गाड्या, पाळ्या यातलं काही विचारू नका, फोटो काढू नका. शासकीय गुपिते कायद्याखाली पोरं नाहक अडकतील. सुरुवात करण्याआधी ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला एक पत्र देऊन पोच घ्या, सोबत कोरा फॉर्म जोडा. सरपंचाला बरोबर फिरवू नका, निवडणूक लागली असेल तर निकालानंतरच निघा.