म्हणे दहापट वेग! आधी माझी मशीन परत द्या

मांजराकाठ:
काल इथं एकानं शेलसाठी (कमांड टाइप करून कामं करायची खिडकी) सल्ला टाकला, "लूपमधल्या, म्हणजे फाइलीमागून फाइल चालणाऱ्या कमांडच्या शेवटी & लावा, आधीची संपायची वाट न बघता पुढची सुटते, काम दहापट वेगात." लोकांनी धडाधड लाइक ठोकले, मीही भुललो. काकांच्या आडतीवरच्या 2,400 पट्ट्यांचे (मालाच्या हिशोबाच्या पावत्यांचे) फोटो लहान करायचे होते. मशीन चार कोरची, रॅम 8 जीबी. एंटर मारलं अन् सगळ्या प्रोसेस एकदम सुटल्या. माउसचा बाण जागचा हलेना. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं. पंगतीला चोवीसशे माणूस अन् वाढपी चार! सल्ला देणाऱ्यानं स्वतः किती फाइली चालवून बघितल्या होत्या?

गोदाकाठची:
& काय करणार? मोकाट तुम्ही सोडल्या. फाइंड कमांड फाइली शोधते, तिची यादी एक्सआर्ग्जला द्या, ते एकेक फाइल कामाला लावतं; त्याला -पी 4 (मोठा पी) लावा. एका वेळी चारच चालतात, एक संपली की पुढची. उगं त्या चिन्हाला शिव्या घालायलात.

मांजराकाठ:
तेही केलं, बाई. फाइलीचं नाव "सोयाबीन पट्टी 14". तुमच्या एक्सआर्ग्जनं त्याचे तीन तुकडे केले, अन् तिन्ही फाइली सापडेनात!

गोदाकाठची:
फाइंडला -प्रिंट0 अन् एक्सआर्ग्जला -0 द्यायचं असतं, मग नावातल्या मोकळ्या जागेवर तुकडे होत नाहीत. मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) उघडायला पैसे पडतात का? अन् "बाई" कुणाला म्हणता?

दुष्काळी_रूट:
डिस्क जुनी, फिरती असेल तर चार काय अन् चाळीस काय, सगळ्या डिस्कपाशीच तुंबतात. 2016 ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पण गल्लीत टँकर एकच, मग घागरीला घागर लागणारच.

आडगल्ली:
रेल्वेचं नाव काढू नका. आमच्या आईनं रात्री दोन वाजता टँकरसाठी नंबर लावलाय. टीव्हीवाले इंजिनाचे फोटो काढून गेले, आमच्या गल्लीत कुणी फिरकलं नाही.

दुष्काळी_रूट:
मांजरा पट्ट्यातल्या उसाचंही बोला की मग. प्यायला रेल्वे अन् उसाला बोअर!

आडगल्ली:
ऊस मोडला तर पोरांच्या फिया तुम्ही भरणार का? सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं की तुम्हीच गप्प बसता. घरात नळ असणाऱ्यांनी शिकवू नये.

दुष्काळी_रूट:
माझ्या घरी नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, साहेब. नीट बोला.

गोदाकाठची:
कारखान्यावर जाऊन भांडा दोघं. इथं शेल चाललंय.

नंतर_बघू:
सगळे वेगावरच भांडायलेत, खरा घोळ वेट कमांडमध्ये आहे. नुसतं वेट लिहिलं की ते सगळ्या प्रोसेस संपेपर्यंत थांबतं, पण मधली एखादी मेली तरी शून्यच, म्हणजे "सगळं ठीक", असं परत करतं. माझ्या रात्रीच्या बॅकअपमध्ये तीन फाइली शून्य बाइटच्या, म्हणजे रिकाम्या निघाल्या. स्क्रिप्ट रोज "झालं" म्हणायची, मला कळलं आठ दिवसांनी. प्रत्येक प्रोसेसचा पीआयडी (तिचा नंबर) $! मधून धरून ठेवा अन् एकेकीला वेट करा. वेट -एन (कुठलीही एक संपेपर्यंत थांबतं) सोपं आहे, पण त्याला बॅश या शेलची 4.3 आवृत्ती लागते. मॅकसोबत येतं ते बॅश 3.2.

मांजराकाठ:
-पी 4 अन् -0 लावून चालवलं. एकेक करत 11 मिनिटं लागायची, आता 4. दहापट कुठंय? पावणेतीनपट. ताई, तुमचं बरोबर निघालं. झालं समाधान?

गोदाकाठची:
त्यातल्या शून्य बाइटच्या किती, ते बघितलं का?

मांजराकाठ:
...बघतो.

आडगल्ली:
टँकर एकच होता, हे मात्र लिहून ठेवा.