बडोद्याची गादी, १८७५: मुलगा असताना दत्तक का?

वेताळटेकडी:
सयाजीराव महाराजांवरचा एक लेख सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात बिनदिक्कत लिहिलंय, "मल्हाररावांना वारस नव्हता, म्हणून जमनाबाईंनी कवळाण्याचा गोपाळराव दत्तक घेतला." हे वाचून गप्प बसवेना. (मल्हारराव गायकवाड हे तेव्हाचे बडोद्याचे राजे; गोपाळराव म्हणजेच पुढचे सयाजीराव.)

वारस होता. ऑक्टोबर १८७४ मध्ये मल्हाररावांच्या राणी लक्ष्मीबाईंना मुलगा झाला होता. एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं, तेव्हा जाहीरनाम्यात त्यांच्याबरोबर त्यांच्या संततीचाही हक्क कायमचा काढून घेतला. सहा महिन्यांच्या तान्ह्या पोराने कुठला गुन्हा केला होता? बरं, जमनाबाई या खंडेरावांच्या, म्हणजे मल्हाररावांच्या थोरल्या भावाच्या आणि आधीच्या राजाच्या विधवा. खंडेराव १८७० मध्ये गेले, त्या वेळी त्या गरोदर होत्या. मुलगी झाली, म्हणून मल्हाररावांची गादी पक्की झाली. म्हणजे खंडेरावांचा वारसा तिथेच संपला होता. पाच वर्षांनी तो उकरून काढला तो इंग्रजांनी, कारण त्यांना लहान राजा आणि आपल्या पसंतीचा दिवाण हवा होता. टी. माधवराव दिवाण म्हणून आले ते काय योगायोगाने?

सयाजीराव थोर होते, वादच नाही. पण पुढे राजा चांगला निघाला म्हणून आधीचा अन्याय न्याय ठरत नाही.

कवळाणेकर:
मी त्याच भागातला, मालेगाव तालुक्यातला. लहानपणापासून ऐकत आलोय की तीन भाऊ बडोद्याला गेले, "कशाला आलात?" असं विचारल्यावर मधला म्हणाला, "राज्य करायला." तुम्ही याला इंग्रजांचा डाव म्हणता? शेतकऱ्याच्या, अक्षरओळख नसलेल्या पोराने १९०६ मध्ये सबंध राज्यात सक्तीचं मोफत शिक्षण आणलं. बाबासाहेबांना १९१३ मध्ये परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली. मल्हाररावांनी काय दिलं? सोन्याच्या तोफा! रयत कराखाली चेंगरली होती आणि हे तोफा ओतत होते. अशा माणसाच्या पोराचा कसला आलाय हक्क!

वेताळटेकडी:
बापाने तोफा ओतल्या म्हणून मुलाचा हक्क जातो, हे कुठल्या शास्त्रात आहे? गोपाळरावांचं कर्तृत्व सांगून माझ्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. आणि ते "राज्य करायला आलो" मला मागाहून रचलेलं वाटतं.

कवळाणेकर:
आमच्या गावाकडची गोष्ट खोटी आणि तुमची पोथी खरी. ठीक आहे.

कृष्णाकाठचा_वकील:
दोघंही मूळ कागद बाजूला ठेवून भांडताय. व्हाइसरॉय कॅनिंगने १८६२ मध्ये संस्थानिकांना सनदा दिल्या, त्यात दत्तकाला मान्यता आहे ती "नैसर्गिक वारस नसेल तर". इथवर टेकडीवाल्यांचं बरोबर. पण त्याच सनदेत ब्रिटिश सत्तेशी एकनिष्ठ राहण्याची अट आहे. संस्थानाची गादी म्हणजे घरची शेतजमीन नव्हे. सार्वभौम सत्ता मानेल तो राजा. पेशवाईत तरी वेगळं काय होतं? बडोद्याचे राजे दमाजी गायकवाड १७६८ मध्ये वारले. मुलांपैकी गोविंदराव पहिल्या बायकोचा, सयाजीराव (हे वेगळे, आधीचे) वयाने थोरला पण दुसरीचा. पुण्याने आधी एकाला मान्यता दिली, मग नजराणा घेऊन दुसऱ्याला. रामशास्त्रींनी थोरल्याच्या बाजूने मत दिलं, तरी दरबार पैसा बघूनच हलला. वारसाहक्क हा गादीवर बसवून झाल्यावर दाखवायचा कागद असतो.

वेताळटेकडी:
म्हणजे बळी तो कान पिळी, असंच ना? मग सनदा काढल्या तरी कशाला?

माई_मिरज:
शेतजमीन नव्हे म्हणता, पण माझ्या डोळ्यांसमोर तीच आली. १९५६ च्या कायद्याआधीची गोष्ट. आमच्या चुलत आजीने नवरा गेल्यावर कितीतरी वर्षांनी लांबच्या भाऊबंदांतला मुलगा दत्तक घेतला. तोवर जमीन माझे आजोबा कसत होते. विहीर त्यांनी खणली, बांध त्यांनी घातले. दत्तविधान झालं आणि तो मुलगा जणू आजीच्या नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवशीच जन्मला होता, असं धरून अर्धी जमीन गेली. आजोबा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत म्हातारे झाले. पाच वर्षांनी जाग्या झालेल्या विधवेने दत्तक घेतला की कोणाचं तरी घर उठतं. बडोद्यातही तेच झालं. घरात पोर असताना बाहेरून मुलगा आणून गादीवर बसवला.

दख्खनची_राणी:
"बाहेरून आणलेला." माई, मी स्वतः दत्तक आहे. आईबाबांनी मला वाढवलं, शेवटच्या आजारपणात दोघांचं सगळं मी केलं, आणि तेराव्याला काका सगळ्यांसमोर म्हणाले, "हा काही आपल्या रक्ताचा नाही." सातबाऱ्यावर नाव लागताना किती हेलपाटे घातले ते माझं मला माहीत. तुमच्या आजीला त्या काळात एकटं राहायचं होतं, दिरांच्या ताटाखाली. तिला तिचं कोणी हवं होतं. तिचा विचार तुमच्या घरात कोणी केला?

माई_मिरज:
तुमच्याबद्दल मी एक शब्द बोलले नाही. विहीर आजोबांनी खणली, एवढंच म्हणाले.

दख्खनची_राणी:
आणि जमीन आजीच्या नवऱ्याची होती, एवढंच मी म्हणतोय. जमनाबाईंकडेही असंच बघा. नवरा गेला, पोटात मूल, आणि ज्या दिराला नवऱ्याने कटाच्या संशयावरून पादरा गावी कैदेत ठेवलं होतं तोच गादीवर. खंडेरावांचे दिवाण भाऊ शिंदे मल्हाररावांच्या कैदेतच मेले. ही बाई मुलीला घेऊन पुण्याला राहिली ती हौसेने नव्हे. मल्हारराव गेल्यावर ती परतली आणि नवऱ्याच्या नावाने मुलगा घेतला. तिचा हक्क कुणाच्याच हिशेबात नाही, सगळ्यांना फक्त मुलगे दिसतात.

कृष्णाकाठचा_वकील:
धागा दत्तकावर गेलाच आहे तर सांगतो. मुंबई इलाख्यात विधवेला दत्तक घ्यायला नवऱ्याची स्पष्ट परवानगी लागत नसे, बंगालमध्ये लागे. पण नवरा एकत्र कुटुंबात वारला असेल तर भाऊबंदांची संमती लागे. माई, तुमचे आजोबा विभक्त होते की एकत्र, त्यावर सगळं अवलंबून.

माई_मिरज:
चूल एक होती. हे कोर्टाला कधी पटलंच नाही.

कवळाणेकर:
आता माईंच्या विहिरीवरून उठा. मूळ मुद्दा सांगतो. लक्ष्मीबाईंचं आधीच एक लग्न झालेलं आहे अशी तक्रार होती. मल्हाररावांनी मे १८७४ मध्ये त्यांच्याशी लग्न लावलं, ऑक्टोबरात मूल. रेसिडेंट (दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) कर्नल फेर लग्नाला गेलाही नाही. ते मूल औरस होतं हे सिद्ध कोणी केलं?

वेताळटेकडी:
नव्हतं हे तरी कोणी सिद्ध केलं? चौकशी झाली ती मल्हाररावांनी फेरला सरबतातून विष घातल्याच्या आरोपाची. नोव्हेंबर १८७४, पपनसाचं सरबत, सोमल आणि हिऱ्याची पूड. आयोगात सहा जण. तिघे इंग्रज म्हणाले दोषी. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि दिनकरराव या तिघा हिंदी सदस्यांना ते पटलं नाही. तीन विरुद्ध तीन! म्हणून जाहीरनाम्यात विषप्रयोग बाजूला ठेवून गैरकारभाराचं कारण दिलं. आणि ज्या माणसाने आठवडाभर आधीच व्हाइसरॉयला पत्र लिहून फेरला हलवा म्हटलं होतं, तो त्याला विष कशाला घालेल? मुलाच्या औरसपणावर मात्र कुणी एक साक्षीदारही बोलावला नाही.

आता १९५१ बघा. त्याच घराण्यातल्या प्रतापसिंहरावांची मान्यता भारत सरकारने काढून घेतली. त्यांच्याही दुसऱ्या लग्नावर गदारोळ झाला होता, सीतादेवींचं आधीचं लग्न मोडण्यावरून. पण गादी कोणाला मिळाली? त्यांच्याच मुलाला, फत्तेसिंहरावांना. बाप गेला, मुलगा राहिला. हेच १८७५ मध्ये करता आलं असतं.

कृष्णाकाठचा_वकील:
फत्तेसिंहराव पहिल्या राणीचे, शांतादेवींचे. सीतादेवींच्या मुलाला बसवलं असतं तर तुमची तुलना जमली असती. बापाबरोबर सगळी संतती बाद करायला नको होती, एवढं मात्र मान्य करावं लागेल. नाइलाजाने.

कवळाणेकर:
मी नाही मान्य करत. ते पोर गादीवर बसलं असतं तर पुढची वीस वर्षं आईच्या नावाने दरबारी मंडळींनीच राज्य लुटलं असतं.

वेताळटेकडी:
आणि बारा वर्षांच्या गोपाळरावाच्या नावाने माधवराव कारभार करत होते, ते चाललं?

कवळाणेकर:
चाललं. कारण त्यांनी लुटलं नाही.

माई_मिरज:
राणी, मघाशी "बाहेरून आणलेला" म्हणाले तो शब्द मागे घेते. जमिनीबद्दलचं म्हणणं नाही.

दख्खनची_राणी:
शब्दापुरतं ठीक. जमिनीबद्दल मीही मागे हटत नाही.