स्लीपलेस नाइट, अँग्री विंड: फिगर ऑफ स्पीच नेमकी ओळखायची कशी?

कंदील_बारावी
इंग्रजी कवितेतले अलंकार (फिगर्स ऑफ स्पीच) ओळखताना सिमिली (उपमा), मेटाफर (रूपक) जमतं. पण 'स्लीपलेस नाइट' आणि 'अँग्री विंड' या दोन्हींत निर्जीव गोष्टीला माणसाचं विशेषण लावलंय, मग पहिली ट्रान्सफर्ड एपिथेट आणि दुसरी पर्सॉनिफिकेशन कशी? मेटॉनिमी आणि सिनेक्डकीतही तोच घोळ. शिवाय स्पष्टीकरणात काय लिहायचं? नाव बरोबर असूनही मार्क कापतात.

खडू_फळा
विशेषणाचा खरा मालक शोधा. 'ही पास्ड अ स्लीपलेस नाइट': झोप कुणाची उडाली? त्याची. त्याचं विशेषण उचलून रात्रीला चिकटवलं, म्हणून ट्रान्सफर्ड एपिथेट. 'द अँग्री विंड स्लॅम्ड द डोअर' यात रागावलेला माणूस आसपास कुठेच नाही, वाराच रागावलाय. ही पर्सॉनिफिकेशन.

दुसऱ्या जोडीत विचारायचं: ती वस्तू मूळ गोष्टीचा भाग आहे का? 'ऑल हँड्स ऑन डेक' मध्ये हात खलाशाचाच अवयव, म्हणून सिनेक्डकी. 'द क्राउन' म्हणजे राजसत्ता, पण मुकुट काही राजाचा अवयव नव्हे. नुसता संबंध आहे, म्हणून मेटॉनिमी. 'मंत्रालयाने निर्णय घेतला' हे आपण रोज म्हणतो, तीही मेटॉनिमीच. काही अभ्यासक सिनेक्डकीला मेटॉनिमीचाच पोटप्रकार मानतात. त्या वादात परीक्षेपुरतं पडू नका. अवयव दिसला की सिनेक्डकी लिहा.

जुनी_प्रश्नपत्रिका
ॲलिटरेशनमध्ये (शब्दांच्या सुरुवातीला तोच आवाज पुन्हा येणं) आपली मुलं हमखास फसतात, कारण अक्षर बघतात, कानाने ऐकत नाहीत. 'सिटी' आणि 'कॅट' दोन्ही सी-ने सुरू होतात, पण आवाज वेगळे, म्हणून ॲलिटरेशन नाही. 'नाइफ' आणि 'नाइट' मध्ये आहे, 'नाइफ'चं स्पेलिंग के-ने सुरू होत असलं तरी. 'वाइल्ड' आणि 'व्हास्ट' ही मराठी कानाला एकच वाटतात. इंग्रजीत पहिला आवाज ओठ गोल करून येतो, दुसरा वरचे दात खालच्या ओठाला टेकवून. तिथे ॲलिटरेशन धरू नका.

सिमिलीतही सापळा आहे. 'ही इज ॲज टॉल ॲज हिज फादर' ही साधी तुलना झाली. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी हव्यात: 'ही इज ॲज टॉल ॲज अ लॅम्प-पोस्ट'. नुसतं 'लाइक' किंवा 'ॲज' दिसलं म्हणून सिमिली लिहू नये. 'आय लाइक टी' मध्ये कसली उपमा?

खडू_फळा
स्पष्टीकरणाचं राहिलंच. 'इट ॲड्स ब्यूटी टू द पोएम' हे वाक्य कुठल्याही कवितेला चालतं, म्हणूनच ते फुकट जातं. नाव, ते सिद्ध करणारे शब्द आणि परिणाम, तिन्ही द्या. समजा ओळ आहे 'द ओल्ड डोअर कम्प्लेन्ड ॲट एव्हरी पुश'. पर्सॉनिफिकेशन, 'कम्प्लेन्ड' ही माणसाची क्रिया दाराला दिली आहे, त्यामुळे बिजागरीची कुरकुर ऐकू येते आणि दार उघडायला नाखूश वाटतं. एवढं बास. मधला भाग गाळला की परीक्षकाला तुम्ही अंदाज मारलाय असं वाटतं.

कंदील_बारावी
मालक शोधायची युक्ती पटली. एक शेवटचं: नेहरूंच्या १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्रीच्या भाषणातलं 'व्हेन द वर्ल्ड स्लीप्स, इंडिया विल अवेक' हे पॅराडॉक्स ना?

जुनी_प्रश्नपत्रिका
नाही, अँटिथिसिस. झोपणं आणि जागं होणं विरुद्ध आहे, पण झोपतंय जग आणि जागा होतोय भारत. एकाच गोष्टीबद्दल दोन विसंगत विधानं नाहीत. 'द मोअर यू गिव्ह, द मोअर यू हॅव' इथे देणं आणि उरणं एकमेकांच्या आड येतात, तरी अर्थ लागतो, तो पॅराडॉक्स. 'डेफनिंग सायलेन्स' सारखे दोन विरुद्ध शब्द खेटून आले तर ऑक्सिमोरॉन.

(लंडनला तेव्हा संध्याकाळ होती, जग काही झोपलेलं नव्हतं! म्हणून त्यात हायपरबोलीही (अतिशयोक्ती) दाखवता येते. शिवाय 'इंडिया विल अवेक' मध्ये पर्सॉनिफिकेशन आहेच. ज्या शब्दांखाली रेघ असेल, त्यांचंच उत्तर लिहा.)